थोरल्या साडूंचे मासे

पाण्याकाठी शांत बसणाऱ्या माणसाचे सहाही विकार एकेक करून गळून पडतात आणि शेवटी उरतं ते फक्त आकाश, पाणी आणि आपण. हे वाक्य मी माझ्या निरोपसमारंभात बोललो होतो आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. पुढं निवृत्तीनंतर त्याची पडताळणी करायला भरपूर वेळ मिळाला. काम वयानं गेला, क्रोध रक्तदाबाच्या गोळीनं. लोभ, मोह आणि मद यांना निवृत्तिवेतनात फारसा वाव नसतो. मत्सर मात्र पाण्याकाठी चांगला पोसतो. त्याला सावलीही लागत नाही.

ज्या पाण्याबद्दल बोलतोय तो एक लहानसा पाझर तलाव आहे. भूमहून निघालं की डांबरी संपते, मग कच्चा रस्ता संपतो, मग एका बाभळीला मोटारसायकल टेकवून बरडातून चालत जावं लागतं. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये तो असा दडलेला आहे, की अगदी बांधावर पाय ठेवेपर्यंत इथं पाणी असेल असं वाटत नाही. एवढ्याशा पाण्याचा मासेमारीचा ठेका घ्यायला कुणी येत नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो तेव्हापासून रविवारी तिथं जात होतो. निवृत्त झाल्यावर सगळेच रविवार झाले. काठावर एक सपाट दगड आहे, त्यावर मी बसायचो. गळाला तरंगा म्हणून ज्वारीच्या ताटाचा तुकडा बांधायचा, पाण्यात सोडायचा आणि त्याच्याकडं बघत राहायचं. तिथं माझ्याखेरीज नेमानं येणारी एकच व्यक्ती होती, शेळ्या राखणारी एक म्हातारी. तिचा प्रश्न ठरलेला असायचा.

"सर, घावलं का काय?"

"अजून न्हाय."

"बसा मग," म्हणून ती पुढं जायची.

तलावात बहुतेक सगळी चिलापी. तळहाताएवढी होते आणि तिथंच थांबते, कारण संख्या भरमसाट आणि खाद्य बेताचं. थोडे कटले होते, कधीतरी कुणीतरी सोडलेले. शिंगटे होते, ते काटा मारायचे. हे सगळे मासे मुळात आले कुठून, यावर तलावाखालच्या गावात मतभेद होते. म्हातारीच्या मते ते पावसाबरोबर पडतात. गावच्या माजी सरपंचांच्या मते ते त्यांच्या कारकिर्दीत आले. मी वाचलं होतं, की वरच्या शेततळ्यांतून सांडव्याच्या पाण्याबरोबर काही उतरतात आणि मरळीसारखा मासा पाणी आटलं तरी चिखलात तग धरून राहतो. माझं मत पुस्तकातलं असल्यामुळं ते कुणी मनावर घेतलं नाही.

मरळीचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्या तलावात एक मरळ होती आणि मला ती हवी होती. मरळीला अधूनमधून हवा घ्यायला वर यावं लागतं. अशी ती वर आलेली मी इतक्या वर्षांत अगदी मोजक्या वेळा पाहिली होती, तीही लांबून. काळं डोकं, एक घोट, पाण्यावर वर्तुळ. तिच्यासाठी मी बेडक्या लावल्या, बेडूक लावले, एकदा चिलापीचं पिल्लू लावलं. तिनं कशालाच तोंड लावलं नाही. पण ती तिथं आहे आणि मला ते ठाऊक आहे, एवढ्यावर माझं चाललं होतं. त्या तलावातलं माझं एवढंच होतं, तो दगड आणि ती मरळ.

मग थोरले साडू भूमला राहायला आले.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ते थोरले. पण त्यांचं थोरलेपण नात्यापुरतं कधीच नव्हतं. सासरी जेवायला बसताना पहिला पाट त्यांचा. मी डॉक्टरेट घेऊन सासरी गेलो त्या दिवशीसुद्धा पहिला पाट त्यांचाच होता, आणि सासरे मला म्हणाले, "तुमी ह्यांच्या शेजारी बसा, म्हणजे फोटोत येताल." जन्मभर सरकारी कचेरीत नोकरी करून साडूंच्या कपाळाला आठी नाही. उन्हाळ्यात त्यांना घाम येत नाही. ते माळकरी आहेत, मासा तर सोडाच, अंड्याचा केकही ओळखतात आणि बाजूला ठेवतात. आमच्या घरी मी मासा आणला की तो परसातल्या चुलीवर, वेगळ्या तव्यावर, माझा मीच तळतो. त्या वेळी बायको साडूंचं उदाहरण देते.

साडूंच्या मुलाची बदली भूमला झाली, म्हणून ते आणि मेहुणीबाई तुळजापूरचं घर बंद करून आमच्या पुढच्या गल्लीत आले. येताना साडेसाती घेऊन आले. तुळजापुरातल्या कुणा ज्योतिष्यानं त्यांना दर शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगितलं होतं. हे त्यांनी आमच्याकडं चहा पिताना सांगितलं. मी बिस्किटाकडं बघत राहिलो. बायको म्हणाली, "दाजी, यांना ठाऊक आहे की एक तळं."

पहिल्या शनिवारी मी त्यांना मागं बसवून नेलं. त्यांनी पाय धुतले, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या दगडावर बसले. साहजिकच आहे, सपाट दगड तो एकच होता. त्यांच्याकडं स्टीलचा डबा, आत मेहुणीबाईंनी तूप लावून वळलेल्या गोळ्या. मी थोड्या अंतरावर खडकाच्या कडेवर अवघडून बसलो आणि गळ टाकला.

साडूंनी हात जोडले, तीन टाळ्या वाजवल्या आणि गोळ्या टाकल्या. आधी काहीच झालं नाही. मग पाणी एका जागी थरथरलं, मग उकळायला लागलं. चिलापी एकमेकींच्या पाठीवर चढत होत्या. कटले, जे मला वर्षातून एकदा दर्शन द्यायचे, तोंडं उघडून त्यांच्या पायांपाशी आले. साडूंनी पाय पाण्यात सोडले होते, मासे त्यांच्या अंगठ्यांना लुचत होते. माझा तरंगा एखाद्या सरकारी फायलीसारखा पडून होता.

"तुम्ही काय लावलंय?" साडूंनी विचारलं.

"गांडूळ."

"अरेरे," ते म्हणाले. गांडुळाबद्दल.

म्हातारी शेळ्या घेऊन आली, थबकली.

"सर, पावणं कोण म्हणायचं?"

"साडू आहेत माझे."

"थोरलं का धाकलं?"

"थोरले."

"दिसतंय की," ती म्हणाली आणि त्या दिवशी मला काही घावलं का ते विचारायला विसरली.

परत बाभळीपाशी आल्यावर साडू गाडीवर बसता बसता सहज बोलले, "साडूभाऊ, एक साप आहे बरं का इथं. दोनदा वर आला, अगदी पायाशी. काळं डोकं. एक घोट हवा घेतली आणि गेला."

मी गाडी चालू करण्यात मग्न असल्यासारखं केलं. गोळ्यांना पिल्लं जमतात आणि पिल्लांसाठी मरळ येते, हे मला पुस्तकी ज्ञानातून लगेच कळलं. कळल्यानं बरं मात्र वाटलं नाही. माणूस जन्मभर एका दारात उभा राहतो, आणि दुसरा कुणी येतो, त्याला आत बोलावतात, आणि तो बाहेर येऊन सांगतो, की आत कुणीतरी साप आहे.

नंतरच्या शनिवारी मासे टाळ्यांची वाट न बघताच यायला लागले. साडूंची सावली पाण्यावर पडली की पुरे. बायकोनं विचारलं, "दाजींच्या हाताला काहीतरी गुण आहे, नाही?" मी म्हणालो, तूप आहे. मग एका मंगळवारी, घरात कुणी नसताना, मी स्वतः कणीक भिजवली. तूप दुप्पट घातलं. एकटाच गेलो, दगडावर बसलो, पाय पाण्यात सोडले आणि तीन टाळ्या वाजवल्या. आवाज डोंगराला लागून परत आला. मासा काही आला नाही. मागून एक शेळी आली आणि डब्यात तोंड घालून सगळ्या गोळ्या खाऊन गेली.

"शेळ्या तेवढ्या तुमचं ऐकत्यात, सर," म्हातारी म्हणाली.

पुढं झालं ते असं. कुणीतरी साडूंचा व्हिडिओ काढला, तो माजी सरपंचांच्या फोनवर पोचला, तिथून तालुक्यात गेला. शनिवारी जीपा बरडातून थेट बांधापर्यंत यायला लागल्या. लोक डबे आणायचे, गोळ्या टाकायचे, मासे यायचे. पण सगळ्यांचं मत पडलं, की साडूंच्या गोळ्यांना येतात तसे येत नाहीत. मला हे एकट्यालाच वाटत होतं तोवर तो मत्सर होता. आता ते लोकमत झालं. मग बांधावर फ्लेक्स लागला. त्यावर माजी सरपंच मोठे, साडू मध्यम आणि कोपऱ्यात एक मासा होता, तोही समुद्रातला. खाली लिहिलं होतं, मत्स्यतीर्थ. आणि एका रविवारी मारुतीच्या पारावर बैठक बसली, की तीर्थ म्हटल्यावर तिथं गळ टाकणं शोभत नाही, तेव्हा मासेमारी बंद करावी. गळ टाकणारा मी एकटाच होतो.

मीही गेलो. मला बोलायची सवय आहे. मी सांगितलं, की तलाव लहान आहे, चिलापी बेसुमार वाढते, काही मासे काढले नाहीत तर सगळेच खुरटतात, आणि नुसती कणीक घालत राहिलं तर पाणी सडतं. माजी सरपंचांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमचा मान हाय," ते म्हणाले, "पर तुमी शिकवला इतिहास. मासं जीवशास्त्रात येत्यात."

लोक हसले. साडू पुढच्या सतरंजीवर बसले होते. ते मागं वळून म्हणाले, "साडूभाऊंनीच ठरवावं. तळं मूळ त्यांचं आहे." याचा मला जेवढा राग आला तेवढा सरपंचांचाही आला नव्हता. माझीच वस्तू मला इतक्या मोठ्या मनानं देऊ करणारा माणूस माझ्या बघण्यात दुसरा नाही.

शेवटी पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तोड काढली. आपल्याकडं अडलं की देवाला कौल लावतात. इथं देव म्हणजे मासेच, तर त्यांनाच कौल लावावा. येत्या शनिवारी थोरल्या साडूंनी एका अंगाला गोळ्या टाकाव्यात, सरांनी दुसऱ्या अंगाला गळ टाकावा. मासा गळाला लागला तर माशांचीच संमती, सरांनी खुशाल बसावं. सगळे गोळ्यांकडं गेले तर तळं बंद. सगळ्यांना हे फार न्यायाचं वाटलं. मलाही नाइलाजानं वाटलं, कारण नाही म्हणालो असतो तर भ्यालो असं झालं असतं. आणि मनात एक अंधूक आशाही होती. पिल्लं जमली की मरळ येईल, आणि माझ्या गळाला या वेळी ताजी बेडकी असेल.

शनिवारी मी पहाटेच निघालो. साडूंना माजी सरपंचांची जीप आणणार होती. मी पोचलो तर बांधावर आधीच ट्रॅक्टर उभा, त्यावर कर्णा बांधलेला, आणि हलगीवाले हलगी शेकत बसलेले. ते पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पाण्यात आवाज कसा जातो हे मला ठाऊक होतं. हलगी वाजली की या तलावात एक मासा वर येणार नव्हता, ना त्यांच्याकडं, ना माझ्याकडं. आणि कुणाकडंच आला नाही म्हणजे कौल झालाच नाही, माझा दगड माझाच. मी कुणाला काही बोललो नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं.

साडू आले. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का, नेहमीसारखे कोरडे. नारळ फुटला. माजी सरपंच कर्ण्यावरून जल, जीव आणि जनता या विषयावर बोलले. हलगी दणाणली. मी माझ्या खडकावर गळ टाकून बसलो. साडूंनी हात जोडले, टाळ्या वाजवल्या, गोळ्या टाकल्या.

गोळ्या बुडाल्या.

त्यांनी आणखी टाकल्या. त्याही बुडाल्या. बांधावरची कुजबूज हळूहळू थांबली, हलगीही दमून थांबली. पाणी काचेसारखं. मी तरंग्याकडं बघत होतो, पण खरं तर डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडं बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, सासरच्या त्या पहिल्या पाटापासूनची सगळी थकबाकी मला तिथं एकदम वसूल झाल्यासारखी वाटली.

साडू उकिडवे बसले होते. त्यांचा चेहरा एस.टी. स्टँडवर उतरलेल्या आणि न्यायला कुणी आलेलं नाही अशा माणसासारखा झाला होता. माझ्याकडं बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "रागावले का हो माझ्यावर?"

मी काहीतरी बोलणार होतो. काय बोलणार होतो ते आता सांगता येत नाही, कारण तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला.

"आज एकादस न्हाय का?"

लोक बोटांवर तिथी मोजायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, "व्हय की. एकादशीच हाय."

"मालक उपाशी, तर मासं कसं खातील?" म्हातारी म्हणाली.

बांधावरून एक शहारा गेला. बघता बघता सगळ्यांना उलगडलं. माशांना उपास होता. गव्हाची कणीक उपासाला चालत नाही. आणि बेडकी तर कुठल्याच वारी चालत नाही. मी उठून सांगितलं, की मागं एका शनिवारी एकादशी आली होती आणि तेव्हा याच माशांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, मी डोळ्यांनी बघितलंय.

"तवा माशांनी माळ घातली नव्हती, सर," पारावरचा म्हातारा मला समजावून म्हणाला. "आता घातली."

गुलाल उधळला गेला. माजी सरपंचांनी साडूंना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि हेही सांगितलं, की माशांचं बीज मुळात त्यांच्याच कारकिर्दीतलं, त्यामुळं ते चांगल्या वळणाचं निघालं. मला एक श्रीफळ मिळालं, शाल कमी पडली. माझ्या दगडाला त्याच दुपारी शेंदूर लागला.

परत जाताना साडू जीप सोडून माझ्या मागं बसले. मग कानाशी म्हणाले, "साडूभाऊ, हलगीनं बुजले असतील, नाही? मी आलो तेव्हाच म्हणणार होतो, पण लोकांचा उत्साह होता."

मी गाडी खड्ड्यातून काढली. साऱ्या बांधावर एवढी एकच गोष्ट मला एकट्याला ठाऊक आहे या समाधानात मी होतो. तीही त्यांना आधीच ठाऊक होती.

"एकादशीच असेल," मी म्हणालो.

तेव्हापासून तळं बंद झालं. मी गळ माळ्यावर टाकला. शनिवारी साडूंना घेऊन जायचो, कारण बायको म्हणायची, दाजींना एवढ्या लांब कोण नेणार. दगडापासून लांब, बांधावर बसायचो. हलगी नसल्यामुळं मासे पुन्हा येत होते. मरळही यायची, त्यांच्या पायाशी. "आपला साप आला," असं ते मला ओरडून सांगायचे. तो मासा आहे हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोही त्यांचा झाला असता.

गेली काही वर्षं पाऊस बरा होता, त्यामुळं हा तलाव आटतो ही गोष्टच लोक विसरले होते. मागच्या साली पाऊस पोळ्यानंतर आलाच नाही. संक्रांतीला दगडाचा पाया उघडा पडला, होळीपर्यंत पाणी मधल्या खड्ड्यापुरतं उरलं, आणि सगळे मासे त्यात गोळा झाले. मी माजी सरपंचांकडं गेलो. म्हटलं, जाळं लावून काढू आणि टाकीतून मोठ्या धरणात नेऊन सोडू. साडू बरोबर होते, तेही म्हणाले, साडूभाऊंचं बरोबर आहे.

"जाळं म्हंजी जाळंच की हो," माजी सरपंच म्हणाले. "तीर्थात जाळं टाकलं असं तालुक्यात होईल. फ्लेक्सवर माझा फोटो हाय."

मग बगळे आले. आधी थोडे, मग डोंगराची सोंड पांढरी होईल इतके. शेंदूर लावलेल्या दगडावर एक उभा राहायचा, चांगला ऐटदार, मान आत घेतलेला. त्याला तरंगा लागत नव्हता, गांडूळ लागत नव्हतं, तूप लागत नव्हतं. मी बांधावरून बघायचो आणि मला त्याच्याबद्दलही तसंच वाटायचं. साडू डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसायचे. आता खाली जाऊन उपयोग नव्हता. एका शनिवारी खड्ड्यात नुसता चिखल होता, वर भेगा पडायला लागल्या होत्या. मरळ बगळ्यानं नेली की खाली चिखलात आहे, ते कुणालाच कळायचा मार्ग नव्हता.

"पुन्हा येतील का हो?" साडूंनी विचारलं.

"पावसासंगं पडत्यात," म्हातारी मागून म्हणाली.

साडूंनी डबा उघडला आणि गोळ्या शेळ्यांना घातल्या. शेळ्या त्यांच्याकडं लगेच आल्या.

गावात पुन्हा पारावर बैठक झाली. तीर्थ का आटलं, यावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं कोप, कुणी म्हणालं कुणाची तरी नजर लागली, आणि दोघातिघांनी माझ्याकडं पाहिलं. मी या वेळी बोललो नाही. पाझर तलाव पाणी साठवायला बांधत नाहीत, जमिनीत जिरवायला बांधतात.